डोहात डोकावणारे आघारकर

पुण्यात लॉ कॉलेजच्या परिसरात गोपाळ गणेश आगरकर मार्ग आहे आणि त्याच मार्गावर आघारकर संशोधन संस्था आहे. घाईने पाटी वाचणाऱ्याला दोन्ही नावे एकाच माणसाची वाटली तर नवल नाही. 'सुधारक'कार आगरकर आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्यावर निबंध लिहिले जातात, वक्तृत्व स्पर्धा होतात. दुसरे आघारकर मात्र विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाच्या ओठांवर येत नाहीत. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे त्यांचे पूर्ण नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती झाली. परंतु ऐन तारुण्यात त्यांच्या नावाची पहिली नोंद झाली ती नदीच्या डोहात सापडलेल्या एका चिमुकल्या, हाडे नसलेल्या प्राण्यामुळे. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने मला नद्यांची लांबी, उगम आणि संगम पाठ करावे लागतात. नदीत कोण राहते, हा प्रश्न आमच्या नकाशात येत नाही. तो प्रश्न ज्यांनी एकशे दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी महाराष्ट्राच्या नद्यांना विचारला, त्यांचे चरित्र यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांसमोर ठेवावे, असे मला वाटले.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. १९०९ मध्ये एम.ए. झाल्यावर त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडे विज्ञान शिकवणे म्हणजे बहुधा विलायती पुस्तकातील विलायती बेडूक आणि विलायती फुले फळ्यावर काढून दाखवणे असे. आघारकरांचे मन तेवढ्यावर रमले नाही. सुट्टी मिळाली की ते सह्याद्रीत भटकत. झाडे गोळा करीत, ओढ्यांत उतरत, दगड उलटून पाहत. प्राणी आणि वनस्पती अशी आजच्यासारखी काटेकोर वाटणी त्यांच्या अभ्यासात तेव्हा नव्हती. जे जिवंत आहे ते पाहावे, जपून ठेवावे आणि जाणकाराकडे पाठवावे, ही त्यांची रीत होती.

या भटकंतीत सातारा जिल्ह्यातील वेण्णा आणि कोयना या कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना एक विलक्षण जीव आढळला. तो होता गोड्या पाण्यातला जेलीफिश. जेलीफिश हा समुद्राचा रहिवासी, अशीच सर्वसाधारण समजूत. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला समुद्रातला जेलीफिश नवा नसणार. पण घाटावरच्या नदीत, समुद्रापासून डोंगरांच्या भिंतीने तुटलेल्या पाण्यात तो कसा? आकार सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, शरीर काचेसारखे पारदर्शक, कडेला बारीक तंतूंची झालर. उन्हाळ्यात प्रवाह मंदावून नदीचे डोह उरतात, त्या दिवसांत तो पाण्यात तरंगताना दिसे. पावसाळ्याच्या लोंढ्यात त्याला शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागले नसते.

हे नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनन्डेल यांच्याकडे गेले. ॲनन्डेल हे हिंदुस्थानातील गोड्या पाण्यातील प्राण्यांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच झाले. त्यांनी १९११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून या शोधाची वार्ता जगाला दिली आणि १९१२ मध्ये या जातीचे रीतसर वर्णन करून तिला 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नाव दिले. तोवर लिम्नोक्निडा हा वंश आफ्रिकेपुरताच आहे असे मानले जाई. टांगानिका सरोवरातील त्याची जात प्रसिद्ध होती. तोच वंश सह्याद्रीच्या नद्यांत निघाल्यामुळे आफ्रिका आणि भारत यांच्यातील प्राचीन नात्याविषयी शास्त्रज्ञांना नवा विचार करावा लागला. एका तरुण मराठी अध्यापकाने डोहात डोकावून पाहिले आणि दोन खंडांच्या इतिहासाचा एक दुवा हाती आला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मला या शोधात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणत्या नदीत, कोणत्या दिवसांत, कोणता जीव होता, याची एक तारीखवार नोंद तयार झाली. तेव्हा ती केवळ कुतूहलाची बाब होती. पुढे कोयनेवर मोठे धरण झाले. त्याचे काम १९५० च्या दशकात सुरू होऊन १९६४ मध्ये पूर्ण झाले. वेण्णेवरही कण्हेरचे धरण आले. नद्यांचे रूप पालटले. पालटण्याआधी तेथे काय होते हे सांगणारे जे थोडे कागद आपल्याजवळ आहेत, त्यांत आघारकरांच्या या नोंदीचा समावेश होतो. आधीची नोंद नसेल तर नंतर काय हरवले हे सांगताच येत नाही. घरात वस्तूंची यादी नसेल तर चोरी झाल्यावर पंचनाम्यात काय लिहिणार?

१९१३ मध्ये सर रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि तिच्यातून विज्ञानाच्या प्राध्यापकांची पदे निर्माण झाली. या पदांवर हिंदी माणसेच नेमावीत, असा देणगीदाराचा आग्रह होता. वनस्पतिशास्त्राच्या पदासाठी आघारकरांची निवड झाली. बंगालच्या विद्यापीठाने मालवणच्या माणसाला बोलावले, ही त्या काळच्या देशभावनेची एक सुंदर खूण आहे. अध्यापनाला लागण्यापूर्वी परदेशी जाऊन अधिक अभ्यास करावा म्हणून ते १९१४ मध्ये जर्मनीस गेले. बर्लिन येथे ॲडॉल्फ एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाजवळ शिकण्याचा त्यांचा बेत होता. भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही त्याच सुमारास बर्लिनमध्ये होते.

आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. हिंदी माणूस म्हणजे ब्रिटिश प्रजाजन आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणजे शत्रू, असा सरळ हिशेब मांडून जर्मनांनी आघारकरांना स्थानबद्ध केले. ज्या साम्राज्याने आपल्याला गुलाम केले, त्याचे प्रजाजन म्हणून दुसऱ्याच्या कैदेत पडायचे, यापेक्षा विचित्र दैवगती ती कोणती? शिकायला गेलेल्या माणसाची उमेदीची वर्षे अशी वाया जाताना पाहून दुसरा कोणी खचला असता. आघारकरांनी सुटका झाल्यावर पुन्हा ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची वाट धरली. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरील वनस्पतींचा प्रसार कसा होतो, या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले.

ज्या बर्लिन नगरीत आघारकरांची ही वर्षे गेली, तिचा आपल्या विषयाशी आणखी एक संबंध आहे. तेथील रिशार्ड कोल्कविट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाने मार्सोन या सहकाऱ्याबरोबर पाणी ओळखण्याची एक नवी पद्धत मांडली होती. १९०८ मध्ये पाण्यातील वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली. सांडपाणी नदीत मिसळले की पाणी नासते आणि पुढे वाहता वाहता हळूहळू सुधारते. या प्रत्येक टप्प्यावर निराळे जीव राहतात. तेव्हा जीव पाहून टप्पा ओळखता येतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आघारकरांनी स्वतः अशी मोजपट्टी तयार केली नाही आणि त्यांच्या जेलीफिशकडे पाहून पाण्याची प्रत ठरवता येते असेही नाही. परंतु पाण्यातला क्षुद्र जीव काही सांगत असतो, त्याची जागा आणि वेळ नीट टिपून ठेवली पाहिजे, हा धडा कोयनेच्या डोहात आणि बर्लिनच्या सांडपाण्यात एकच होता.

ही मोजपट्टी आज कशी चालते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर त्या क्षणाचे पाणी कळते. रात्री कुणी घाण सोडली आणि पहाटेपर्यंत ती वाहून गेली, तर दुपारी भरलेली बाटली निर्दोष ठरते. परंतु तळाच्या दगडाखाली राहणारी अळी आठवडेच्या आठवडे, कधी वर्षभर त्याच पाण्यात असते. तिला पळून जाता येत नाही. जे पाणी येईल ते तिला सोसावे लागते. म्हणून ती असली किंवा नसली, दोन्ही प्रकारे ती साक्ष देते. दगडाला घट्ट बिलगणारी, चपट्या अंगाची आणि शेपटीकडे दोन-तीन लांब तंतू असलेली एक अळी असते; तिची पंख फुटलेली माशी जेमतेम दिवसभर जगते. या अळीला स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. वाळूचे कण चिकटवून आपल्यासाठी नळीचे घर बांधणाऱ्या अळ्याही बहुधा चांगल्या पाण्याच्याच सोबती. चतुराची पिल्ले, शिंपले, गोगलगायी आणि जळवा मधल्या पायऱ्यांवर येतात. चिखलात वळवळणारी रक्तासारखी लाल अळी आणि गांडुळासारखे बारीक लाल किडे मात्र सडक्या पाण्यातही तग धरतात. लाल अळीच्या अंगात आपल्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही तिला पुरतो.

इंग्लंडमध्ये १९७६ मध्ये नेमलेल्या एका गटाने अशा कुळांना एक ते दहा गुण दिले. दगडाला बिलगणाऱ्या त्या अळीच्या कुळाला दहा, चतुराच्या कुळांना आठ, जळवांना तीन, लाल अळीला दोन आणि बारीक लाल किड्यांना एक. सापडलेल्या कुळांचे गुण मिळवायचे आणि कुळांच्या संख्येने भागायचे, की नदीचा निकाल हाती! आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी याच धर्तीची पद्धत बसवली. त्यात पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. स्वच्छ पाण्याला निळा रंग आणि अतिशय दूषित पाण्याला लाल. परीक्षेत आपल्याला गुण मिळतात तसे येथे नदीला मिळतात. फरक इतकाच, की नापास झाली ती नदी असली तरी अभ्यास आपण केलेला नसतो.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. कलकत्त्यास परतल्यावर आघारकरांनी १९४६ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग सांभाळला. हिमालयात, नेपाळात हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. याच काळात त्यांचे लक्ष पुन्हा एकदा पाण्याकडे गेले. बंगालच्या नद्या, खाड्या आणि भातखाचरे जलपर्णीने भरून गेली होती. शोभेसाठी परदेशातून आलेली ही वनस्पती एवढी माजली, की नावा अडू लागल्या आणि पिके बुडू लागली. सरकारने १९२१ मध्ये सर जगदीशचंद्र बसूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३६ मध्ये तिच्या बंदोबस्तासाठी बंगालमध्ये कायदाही करावा लागला. जलपर्णीचे परागण कसे होते आणि तिचे बी धरते काय, याचा अभ्यास आघारकरांनी बॅनर्जी या सहकाऱ्याबरोबर केला आणि तो १९३० मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न साधा दिसतो. पण शत्रू फुटव्यांनी पसरतो की बियांनी, हे कळल्यावाचून त्याला उपटायचे कसे? नुसता पाला ओढून काठावर टाकला आणि बी गाळात राहिले, तर सगळी मेहनत पाण्यात!

या दोन कामांना एकत्र ठेवले की आघारकरांच्या जीवनाचा एक वेगळा अर्थ मला दिसतो. तरुणपणी त्यांनी डोंगरातल्या वाहत्या नदीचा पाहुणा पाहिला. उतारवयाकडे झुकताना थांबलेल्या, कुजकट पाण्यावर पोसणाऱ्या वनस्पतीचा अभ्यास केला. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांखालच्या नद्यांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला दिसतो. परक्या प्रवाशाला तो शोभिवंत वाटतो. पाणी वाचणाऱ्याला मात्र त्यात सांडपाण्याचा कबुलीजबाब दिसतो.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये विज्ञानसंवर्धनासाठी काढलेली संस्था त्यांनी जवळून पाहिली होती. तशी संस्था महाराष्ट्रातही असावी, या ध्यासाने त्यांनी आणि समविचारी मंडळींनी १९४६ मध्ये पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' स्थापन केली. लॉ कॉलेजच्या आवारात मिळालेल्या जागेत तिचे काम सुरू झाले. प्राध्यापकी संपवून घरी आराम करण्याच्या वयात या गृहस्थाने संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी घेतली आणि अखेरपर्यंत तिच्यासाठी ते झिजले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तेथील वनस्पतिसंग्रहही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आपल्या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ही संस्था अगदीच परकी नाही. विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे 'एमएसीएस' ही तिने काढलेल्या सोयाबीन आणि गव्हाच्या वाणांच्या नावात आहेत. त्याच संस्थेत आज गोड्या पाण्यातील डायटम, म्हणजे सिलिकेची कवचे असलेली सूक्ष्म शैवाले, अभ्यासली जातात. नदीच्या प्रकृतीची ती आणखी एक साक्षीदार. प्राणी आणि वनस्पती दोघांनाही एकाच उत्सुकतेने पाहणाऱ्या संस्थापकाला हे काम निश्चितच आवडले असते.

आता आपल्या नद्या. पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, आणि मध्ये बेंबळा, अडाण, अरुणावती. उन्हाळ्यात यांतले कितीतरी प्रवाह आटतात आणि डोह तेवढे उरतात. आघारकरांचा जेलीफिश अशाच दिवसांत दिसला होता, हे विसरून चालणार नाही. पाणी कमी झाले म्हणजे पाहण्यासारखे काही उरले नाही, असे आपण धरून चालतो. खरे तर तेव्हाच सारे जीव उरल्यासुरल्या पाण्यात एकवटतात. वणीकडे कोळशाच्या खाणी, गावोगाव सांडपाण्याचे नाले आणि सर्वत्र पऱ्हाटी. पऱ्हाटीवरची फवारणी किती भयंकर ठरू शकते, हे आपल्या जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. माणसाचे नाव वर्तमानपत्रात आले. पण तेच औषध पहिल्या जोरदार सरीबरोबर नाल्यात उतरले, तर तेथे कोण दगावते? बोंडअळीसाठी बनवलेल्या विषाला बोंडअळी आणि नदीतली अळी यांत भेद करता येत नाही, दोन्ही कीटकच. पाणी दिसायला नितळ, वास नाही, प्राणवायू भरपूर, आणि तरीही दगडाखाली एक अळी नाही, असे घडू शकते. अळ्या गेल्या की मासे उपाशी राहतात आणि मासे गेले की डोहावर पोट असणारा भोई उपाशी राहतो.

येथे एक सावधगिरी हवी. आटणाऱ्या नदीत जीव कमी असतात ते केवळ घाणीमुळे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. गावाच्या वरच्या अंगाचा डोह आणि खालच्या अंगाचा डोह एकाच दिवशी पाहावा, दोन वर्षांचे एकाच महिन्यातले आकडे ताडून पाहावेत, तेव्हाच साक्ष ग्राह्य धरावी. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. बारीक जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि वही एवढ्यावर सुरुवात होते. जीवांची कुळे ओळखायला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांची मदत घेता येईल. डोह कुठे होता, पूर्वी त्यात काय सापडे, त्याला गावात काय म्हणतात, हे भोई समाजातील वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहिणे तर आपले, कला शाखेचेच काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावी भरते. तेथे रस्ते झाडण्याबरोबर एक सकाळ त्या गावच्या डोहाला द्यावी, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती सोपवावी, असे मी सुचवतो.

आघारकर जेव्हा वेण्णेच्या पाण्यात उतरले, तेव्हा आपली नोंद पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी जे पाहिले ते जागेसह आणि काळासह जपले, एवढेच. आगरकर मार्गावरून जाताना आघारकरांची पाटी दिसली तर क्षणभर थांबावे. पण त्यांचे खरे स्मरण करायचे तर मे महिन्यात अडाणच्या किंवा अरुणावतीच्या डोहातला एक दगड उलटून पाहावा, खाली जे असेल ते लिहावे, आणि दगड पुन्हा होता तसा ठेवावा.